तालमीचा हॉल आणि यंदाचे पाच खेळ

मी, पार्वताबाई जानराव मोहोकार, वय त्र्याहत्तर, धंदा गाणे, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. त्याची शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी नागपूरला आहे. मी घाबरलेली नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला आमच्या श्रीरुक्मिणी संगीत मंडळीचा हंगाम सुरू होतो, आणि मी त्या टेबलावरून उठले नाही तर हंगामाचं काय, एवढाच माझ्या जिवाला घोर आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एखादं निघालंच, तर ते आमचा नायक ललित याचं काम समजावं.

कलम १. हंगाम. वकील उत्तमराव म्हणाले, "बाई, हंगाम काई मालमत्ता नसते, तो मृत्युपत्रात येत नाही." मी म्हटलं, "मंग माह्याजवळ दुसरं आहे काय? लिहू द्या मले." तर यंदा खेळ पाच. पाडव्याला अमरावतीत रुक्मिणीचं आमचं जुनं संगीत नाटक. तिचं माहेर कौंडण्यपूर आपल्या जिल्ह्यात, म्हणून ती आपलीच लेक. मग दोन जावांच्या भांडणाचं वऱ्हाडी गाणंनाटक, ते हसण्यासाठी. नाताळच्या सुट्टीत पोरांचा खेळ, त्यात अस्वलसुद्धा बोलत नाही, गातंच. संक्रांतीनंतर अकोल्याला दंडार, म्हणजे आपल्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, आणि कव्वाली यांचा सामना, एकाच रंगमंचावर. शेवटी ललितच्या हट्टापायी एक परदेशी ऑपेरा मराठीत. त्यात बाई अर्धा तास मरते आणि तेवढा वेळ गाते. मी म्हटलं, चालेल बाप्पा, आपल्याकडे लोकांनी याहून सावकाश मरणारे नट पाहिले आहेत.

रुक्मिणीचं काम इफ्फत करील. ही आमचे ऑर्गनवाले अब्दुल रहीम यांची नात. अंजनगाव सुर्जीहून एसटीनं येते आणि आल्या आल्या सूर लावते, पाणीसुद्धा मागत नाही. तिच्या गळ्याबद्दल मला जराही शंका नाही. कोणाला असेल, तर त्यानं पाडव्याला पुढच्या रांगेत बसून कान उघडे ठेवावेत.

कलम २. पायपेटी, म्हणजे ऑर्गन, अब्दुल रहीम यांना. ती माझ्या नावावर होती एवढंच. चाळीस वर्षं तिचा भाता त्यांच्याच पायांनी हलला. माझ्या नऊवारी शालू-पैठण्या आणि रुक्मिणीचे दागिने (सगळे खोटे, चोरांनी नोंद घ्यावी) इफ्फतला. बँकेत जे काही असेल ते हंगामाच्या खर्चाला. राहतं घर जानरावांनी हयातीतच मुलाच्या, गोपालच्या, नावानं केलं आहे, त्याचा इथे प्रश्न नाही.

कलम ३. ललितला माझा कमरपट्टा. श्रीकृष्णाचं पोट त्यात मावत नसेल, तर त्यानं यंदा भीष्मकाचं, म्हणजे रुक्मिणीच्या बापाचं, काम घ्यावं. हे मी त्याला तोंडावर सातदा सांगितलं. आता कायद्यानं सांगते.

कलम ४. माझा मृत्यू. आमच्या मंडळीचा एक दंडक आहे, तो माझ्या नवऱ्यानं, जानरावांनी, घातला: मंडळीत कोणीही गेलं, तरी जाहीर झालेला खेळ रद्द होत नाही. सुतक पडदा पडल्यावर सुरू होतं. खेड्यापाड्यांतून लोक गाडी करून येतात, त्यांना दारावरून परत पाठवायचं नाही. हा दंडक पहिला लागला तो त्यांनाच. अकोल्याला दुपारी जेवून उठले आणि मेकअपच्या खोलीत कोसळले. संध्याकाळी खेळ होता. अब्दुल रहीम मला म्हणाले, "भाभी, तुम्ही हो म्हणाल तरच पेटी उघडतो." मी हो म्हणाले. मी रुक्मिणी गायले, तिन्ही अंक. थिएटरात कोणाला कळलं नाही. पडदा पडला आणि मी तिथेच, फळ्यांवर, हंबरडा फोडला.

नणंदेनं त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं आहे. म्हणोत. आजही मी तेच करीन. म्हणून लिहून ठेवते: मी सोमवारी गेले, की मंगळवारी तालीम व्हायला पाहिजे. पाडव्याचा खेळ एक दिवससुद्धा पुढे ढकलायचा नाही.

गोपाल तेव्हा अकरा वर्षांचा होता. अकोल्यातल्या नातेवाइकांच्या घरी बापाजवळ बसला होता. मी परतले तेव्हा माझ्या तोंडावरचा रंग पाहून त्यानं विचारलं, "आई, तू गाऊन राहिली होती काय?" त्या दिवसापासून त्यानं थिएटरात पाऊल टाकलं नाही. आता तो नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. माझी औषधं वेळेवर देतो. नाटकाचा विषय काढत नाही.

<s>कलम ५. तालमीचा हॉल गोपालला, या अटीवर की यंदाचे पाचही खेळ त्यानं पार पाडावेत. न पाडल्यास हॉल मंडळीचा.</s>

कलम ५ मी स्वतः खोडलं आहे. कारण असं की, ते मी उत्तमरावांना वाचून दाखवत असताना गोपाल चहा घेऊन आत आला. त्यानं कप खाली ठेवले.

"आई, हॉल मले देऊ नको."

"कावून? बापाचा हॉल आहे तो."

"पाच खेळ करीन मी, तुह्या शब्दाखातर. सहाव्या महिन्यात इकून टाकीन नाहीतर लग्नाचा हॉल करीन. मले माहीत आहे माह्यं. मंडळीलेच देऊन टाक, आताच, बिनाअटीचा."

  मी चिडून म्हटलं, "मंग तुले मी काय देऊ?"

"साक्षीदार पाहिजे ना तुले? मी करतो सही."

उत्तमरावांनी मान हलवली. "गोपालभाऊ, साक्षीदारानं काई घेऊ नये असा रिवाज आहे. सही केली, तर आईच्या मृत्युपत्रातून काईच नाही मिळनार तुमाले. साधी आठवण म्हणून वाटीबी नाही."

"चालते," गोपाल म्हणाला. "पण ते चौथं कलम काढू नका. तिच्या मनासारखं होऊ द्या."

कलम ६. सबब तालमीचा हॉल, जागेसह आणि पंख्यांसह, श्रीरुक्मिणी संगीत मंडळीला, बिनशर्त. तो विकू नये. कारभार अब्दुल रहीम यांनी आणि त्यांच्यानंतर इफ्फतनं पाहावा.

कलम ७. गोपालला काही नाही. पाडव्याच्या खेळाचा पास द्यावा म्हटलं, तर उत्तमराव म्हणतात, तोही नको. मी गोपालकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तिकीट काढीन ना मी. पण तू घरी परत येजो पहिले."

येईन.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि तो लिहिताना मी शुद्धीवर व बऱ्यापैकी आनंदात होते.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

लिहून देणार: पार्वताबाई जानराव मोहोकार (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. उत्तमराव पुंजाजी टेकाडे, वकील (सही)
२. गोपाल जानराव मोहोकार, मुलगा (सही)