भिंत बघायला येणारे पाहुणे

परभणी
२२ सप्टेंबर

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
राजेश्रीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझा नवरा, म्हणजे आमचे धाकटे बंधुराज महारुद्र, माझा फोन आला की स्पीकर लावतात आणि बातमी चारठाण्याच्या पारावर माझ्याआधी पोचते. म्हणून हे पत्र चारठाण्याहून रोज ये-जा करणाऱ्या हरिओमच्या हाती देतेय.

आमच्या चित्रमंडळाचं वार्षिक प्रदर्शन पार पडलं. निम्म्या चित्रांत सूर्य मावळत होता, उरलेल्यांत नुकताच मावळला होता. उद्घाटक सगळ्यात जास्त वेळ थांबले ते पंख्याखाली. तिथं टांगलेल्या चित्राच्या मालकाला अजून वाटतंय की आपण त्यांना आवडलो. अध्यक्ष दिनकररावांनी मराठवाड्याच्या कलावंताला कुणी बोलू देत नाही, हे तासभर सांगितलं. समोर बसलेल्या कलावंतांपैकी कुणाला अर्थातच बोलता आलं नाही.

आता खरी बातमी. संभाजीनगरची एक कलासंस्था गावातल्या भिंती रंगवणाऱ्या बायांपैकी एकीला तीन महिने बोलावणार आहे. राहणं-जेवण त्यांचं आणि नव्या इमारतीची भलीमोठी भिंत तिची. त्यांनी आमच्याकडं नावं मागितली, मी तुझ्या चित्राचा फोटो पाठवला. तुला न विचारता. लग्नघरावर हत्ती-पोपट काढणारा पेंटर तुझ्या दिराच्या, योगीराजच्या, लग्नात लोकसभेच्या भिंती रंगवत होता, म्हणून ब्रश तुझ्या हाती आला. त्या निवडणुकीनं जिल्ह्याचं एवढं एकच भलं केलं. तू हत्ती काढलास तो काढलासच, पण त्याच्यामागं ट्रॉलीत उभे पाव्हणे, आहेर उलटासुलटा करून बघणारी आई आणि मानपान चुकला म्हणून सगळ्यांकडं पाठ करून बसलेले मामासुद्धा काढलेस. संस्थेला ती पाठ फार आवडली.

पण फोटोवर त्यांचा भरवसा नाही. दसऱ्यानंतर दोघं जण प्रत्यक्ष भिंत बघायला येतील. जायचंय का तुला? 'ह्यांना विचारून सांगते' हे उत्तर मला चालणार नाही.

आईला नमस्कार. माझ्यावर जीव असू दे, आणि राग आला तर तोही पत्रानंच कळव.

तुझी,
राजेश्री

—

चारठाणा
२७ सप्टेंबर

ती. सौ. आक्कांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एकटीनं वाचावं म्हणून म्हशीच्या गोठ्यामागं गेले, तर सासूबाई मागून आल्याच आन् कुणाचं हाय म्हणून विचारलं.

आक्का, मला जायचं हाय. ह्यांना विचारायच्या आधी तुमालाच सांगायलेय. पेडगावच्या शाळेत असताना मी चित्रकलेची पहिली परीक्षा पास झाले होते. दुसरी परभणीला होती. त्याच दिवशी पाव्हणे मला बघायला आले, म्हणजे तुमीच सगळे. बाबा म्हणले, परीक्षा काय पुढच्या साली बी येते. पुढच्या साली मी चारठाण्यात भाकरी थापत होते. तवा पाव्हणे मला बघायला आले, आता माझं काम बघायला यायलेत. एकदा तरी ह्या परीक्षेला बसायचं हाय मला.

तुमचे भाऊ आधी म्हणले, तीन महिने रंगवायला ती भिंत हाय का धरण? मग दारात गाडी थांबणार हे कळलं, तसे जाऊन दाढी करून आले. अजून तारीख बी ठरली न्हाई. मामा मात्र नाराज हाईत. फोटो दूरवर गेला हे ऐकून सांगायला आले की त्यांची पाठ एवढी रुंद न्हाई. बोलताना सगळा वेळ पाठ भिंतीला लावून बसले.

भावजयीला मुलगी झाली. बारशाला पेडगावला जाऊन थोडे दिवस राहीन, पाव्हण्यांच्या आधी परत येईन.

लहान समजून चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपली,
ज्ञानेश्वरी

—

परभणी
१० ऑक्टोबर

चि. महारुद्रास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ज्ञानेश्वरी पेडगावला आहे, म्हणून तुला लिहिते. पाहुणे बुधवारी, २३ तारखेला येतील. एक बाई, एक गृहस्थ. मंडळात ज्ञानेश्वरीचं नाव निघाल्यापासून तिला शोधून काढणारे रोज वाढताहेत. दिनकरराव म्हणतात, ते तिला लहानपणापासून ओळखतात. तिचं गाव कोणतं, हे मात्र त्यांनी काल मला विचारलं.

तू कृपा करून बॅनर लावू नकोस. शाल-नारळ नको, हलगीवाला नको. घर सजवत बसू नकोस. माणसं कामाची आहेत, भिंत बघतील आणि जातील. चहात साखर बेताची घाल.

तब्येत सांभाळ, बायकोला जप.

तुझी,
आक्का

—

चारठाणा
१८ ऑक्टोबर

ती. आक्कास,
महारुद्रचा शि. सा. न.

तुजं पत्र भेटलं. काळजी करू नको, समदा बंदोबस्त झाला हाय.

तू म्हनलीस घर सजवू नको. आमी घराला बोट लावलं न्हाई. फकस्त भिंत घेतली. पाव्हणे यवढ्या लांबून भिंत बगाया येणार, आन् तिच्यावर सा महिन्याचा धुरळा. पावसानं हत्तीच्या गुडघ्यापस्तोर चिखल उडालेला, मामाच्या पाठीवर शेवाळ. लय शरम वाटली. आई म्हनली, लग्नाचं चित्र पयल्या दिवाळीपस्तोरच असतंय, तवा ते जायचंच हाय, मंग पाव्हण्यापुढं घाण कशाला? बरुबर हाय का न्हाई? चुन्यात नीळ घालून चांगले दोन हात मारले. हत्ती काय लवकर जाईना, त्याला तिसरा मारला.

आता भिंत अशी लखलखायलीय की समोरचे म्हनायलेत, दुपारी तिकडं बघवत न्हाई. पाव्हण्यांनी उभ्या जिल्ह्यात असली भिंत बगितली नसंल.

ज्ञानेश्वरीला काई कळवलं न्हाई. आल्यावर एकदम दाखवायची. लय खुश व्हईल.

भावावर मर्जी असावी.

तुजा,
महारुद्र

—

परभणी
१९ ऑक्टोबर

महारुद्रास,
आशीर्वाद. पत्राची रीत आहे म्हणून.

अरे शहाण्या, ते चित्र बघायला येत होते! भिंती त्यांच्या गावातही असतात. गाडीला डिझेल घालून कुणी चुना बघायला येतं का?

आईचं एक वेळ सोड, तिच्या हिशेबात पाहुणा येतो म्हटलं की आधी घर पांढरं होतं आणि मग पाहुणा. आपण सगळे तसेच वाढलो. पण तो हत्ती जाईना, तेव्हा तरी तुला शंका यायला हवी होती. त्या मुक्या जनावराला कळलं, तुला नाही.

तारीख पुढं ढकलायला फोन केला. जमत नाही, त्यांना तिथून नांदेडला जायचंय. भिंतीचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मंडळात सांगितलं, तर दिनकररावांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची सूचना मांडली. ती एकमतानं मंजूर झाली.

माझ्या शाळेत सत्र परीक्षा आहे, मला येता येत नाही. हे तुझं नशीब. ज्ञानेश्वरी आली की तिच्यापुढं उभा राहा आणि ती म्हणेल ते ऐकून घे. एक शब्द उलट बोलू नकोस.

राग ओसरला की पुन्हा तुझी,
आक्का

—

चारठाणा
२४ ऑक्टोबर

ती. सौ. आक्कांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी दिवस मावळायला घरी आले. तुमचे भाऊ भिंतीपुढं उभे होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. कशी वाटली म्हणून विचारलं. मी आत गेले आन् रडले. खोटं कशाला सांगू. तेवढ्यात हरिओम तुमचं पत्र घेऊन आला. ह्यांनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं, मग आत येऊन स्वतः चहा ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. साखर कुठं असती हे विचारलं तवा मला रडता रडता हसू आलं.

सोमवारी सकाळी जिंतूरहून रंग घेऊन आले. म्हणले, होतं तसंच काढ. फोटो समोर धरून मी हत्तीचा पाय काढायला लागले, पण हात चालंना. ते लग्न झालं, गेलं. योगीराजची बायको एकदा भांडून माहेरी जाऊन परत बी आली. आता कुठली वरात आणू?

मग ह्या अंगणात त्यानंतर जे झालं तेच काढलं. डावीकडं हत्तीचा मागचा अर्धा भाग, पुढचा अर्धा चुन्यात गेलेला. शिडीवर तुमचे भाऊ, हातात कुंचा, जीभ बाहेर. खाली सासूबाई बादली धरून, कुठं राहिलंय ते बोटानं दाखवायलेत. आन् मामा. पाठ पुसली गेली म्हणून त्यांनी तोंड इकडं फिरवलंय.

बुधवारी पाव्हणे आले तवा अर्धीच भिंत झाली होती. साहेबांनी फोटो बघितला, भिंत बघितली, पुन्हा फोटो बघितला आन् विचारलं, घर हेच का? तुमचे भाऊ तोवर गोठ्यात गेले होते. साहेबांनी मला ह्यामागची संकल्पना विचारली. सासूबाईच म्हणल्या, तसलं काई न्हाई साहेब, माझ्या पोरानं हिचं चित्र पुसलं, तर हिनं त्यालाच भिंतीवर टांगलं. मॅडमनी शिडीवरचा माणूस कोण म्हणून विचारलं. सगळ्या गल्लीनं गोठ्याकडं बोट केलं. मॅडम ओट्यावर बसल्या आन् डोळे पुसेपर्यंत हसल्या.

चहा घेतला. जाताना कळवतो म्हणले. मुलगी बघायला आलेले बी तेच म्हणतात, आन् निम्मे कळवत न्हाईत. कालपासून मी जेवलेच न्हाई.

काही कळलं तर लगेच लिहा. न्हाई झालं तरी लिहा.

आपली,
ज्ञानेश्वरी

—

परभणी
२९ ऑक्टोबर

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
राजेश्रीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी जेव. झालं! दिवाळीनंतर, ११ तारखेला, सोमवारी हजर व्हायचंय.

त्यांच्या अहवालात तुझ्या चित्राला 'पुसून टाकण्याच्या प्रक्रियेवरचं भाष्य' म्हटलंय. त्या भाष्यात नीळ किती घातली होती, ते महारुद्रला विचारून ठेव. उद्या कुणी अभ्यासक दारात येईल. मॅडम फोनवर म्हणाल्या, नांदेडपर्यंत गाडीत त्यांचं हेच बोलणं चाललं होतं. दिनकरराव आता म्हणतात, ते दोन मिनिटं उभे राहिले ते तुझ्या सन्मानार्थ.

आता घरात कोण आडवं येतंय, तेवढं सांग. मी सुट्टीवर आहे आणि जीभ मोकळी आहे.

तुझीच,
राजेश्री

—

चारठाणा
७ नोव्हेंबर

ती. सौ. आक्कांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमी पाठवलेला चिवडा सासूबाईंनी तिखट म्हणून बाजूला ठेवला आन् सगळा खाल्ला.

आडवं माणूस कुणी न्हाई आलं. सासूबाई म्हणल्या, जा, फक्त तिथं मला काढशील तर बादली नको, पाटल्या काढ. आडवी आली ती म्हैस. मी पेडगावला होते तवा गाभण होती, आता व्याली तर माझ्याबिगर कुणाला धार देत न्हाई. ह्यांनी हात लावला की लाथ. पहिल्या दिवशी बादली उडाली, दुसऱ्या दिवशी हे. मी पिशवी भरलेली पुन्हा रिकामी करायला निघाले, तर ह्यांनीच ती हातातून घेतली आन् म्हणले, मी भिंत पुसली तवा तू काई बोलली न्हाईस, आता म्हशीचं मी बघतो.

आता रोज दोन्ही वेळेला तुमचे भाऊ माझी हिरवी साडी अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन, बारीक आवाजात तिला गंगे गंगे म्हणत धारा काढायलेत. म्हैस फसली. गल्ली न्हाई फसली. संध्याकाळी धारेच्या वेळेला समोरच्या ओट्यावर बसायला जागा नसती.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघते. हे सोडायला येणार होते, पण धारेची वेळ हाय.

काल बादली घेऊन उठले, पदर सावरला आन् माझ्याजवळ येऊन हळूच म्हणले, तिथल्या भिंतीवर काय वाटंल ते काढ, गं, एवढं एक सोडून. मी अजून हो म्हणले न्हाई. भिंत लय मोठी हाय म्हणतात.

माया हाय तशीच असू द्या.

आपली,
ज्ञानेश्वरी