क्लीव्हनचा दुसरा साक्षीदार

रविवार, ३ मार्च
क्लीव्हनने आज घातच केला. साक्ष द्यायच्या वेळी भर चर्चमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "देवाने माझं ब्लडप्रेशर बरं केलं. गोळ्या कचऱ्यात टाकल्या." सगळी मंडळी "आमेन, आमेन" करत उठली. साक्षीला खोटं कोण म्हणणार? मी त्याची बायको — मीही टाळ्या वाजवल्या! घरी येईपर्यंत त्याचं डोकं ठणकत होतं. बोलला नाही, पण मला दिसत होतं.

सोमवार
विषय काढला. "म्हणजे देव खोटा?" म्हणे. मग त्याच्या आईचं जुनं पालुपद — डॉक्टर काळ्या माणसावर प्रयोग करतात. म्हातारीचं अगदीच खोटं नव्हतं, आमच्या अलाबामात तसं घडलंय. पण त्याचा सख्खा भाऊ असाच गोळ्या सोडून पक्षाघाताने गेला, त्याचं काय? शेवटी आमच्या पाळकांना, रेव्हरंड टॉलिव्हरना, फोन केला.

मंगळवार
झोप नाही.

बुधवार
रेव्हरंड आले. वाटलं, झापतील. कसलं काय! आधी माझी कॉलर्डची पालेभाजी दोनदा घेतली, मक्याचा पाव रश्शात बुडवून. मग म्हणाले, "ब्रदर क्लीव्हन, शास्त्रात काय लिहिलंय? दोन साक्षीदारांशिवाय गोष्ट पक्की होत नाही. एक तुम्ही. दुसरा?"
"दुसरा कुठून आणू?"
"दवाखान्यातून. प्रेशर नॉर्मल निघालं, तर रविवारी मी स्वतः ओरडून सांगतो. नाही निघालं, तर देवाचं काम अजून चालू आहे म्हणायचं."
बिनतोड! क्लीव्हनने शुक्रवारची वेळ घेतली.

शुक्रवार
चर्चच्या गाडीतून गेलो, रेव्हरंडच चालवत होते. प्रेशर इतकं, की नर्सने त्याला खुर्चीतून उठूच दिलं नाही. "आज आणलंत ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या पुन्हा सुरू. पहिली गिळताना रेव्हरंडनी त्याचा हात धरला होता. मी बाहेर जाऊन रडले. फार हलकं वाटलं.
परतताना रेव्हरंड आरशातून बघत म्हणाले, "सिस्टर व्हर्नीता, तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत?" मी क्लीव्हनच्या गोळ्या मोजायला लागले.

रविवार
क्लीव्हन पुन्हा उभा राहिला! माझा जीव टांगणीला. "देव मला बरं करतोय," म्हणाला. "सकाळी एक, रात्री एक." मंडळी हसून हसून बेजार. सर्वांत मोठ्याने रेव्हरंड.

गुरुवार
माझ्या काखेत गाठ होती, नाताळपासून. या पानालाही सांगितली नव्हती. रेव्हरंडच्या बायकोला सोबत घेऊन तपासून आले. साधी निघाली. क्लीव्हनला आता सांगते.