कांद्याने धरून आणलेले पाहुणे

नाशिकरोड,
मंगळवार, दुपार

आदरणीय आक्कास, धाकटा भाऊ निवृत्ती याचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल मात्र कोणीही नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली कोनाड्यात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? दाजींचा खोकला, म्हैस, शेतातल्या चाळीत साठवलेला कांदा, सगळं बरं असेलच. न असायला काय झालं? त्या चाळीत जन्मलेलं बेणं तू माझ्या गळ्यात बांधून मोकळी झालीस. पिल्लू पिशवीत घालताना म्हणाली होतीस, "भाऊ, कुत्रं लई गुनी शे." आक्का, तेच गुण निस्तरतोय.

कांद्या (नाव आमच्या पोरीने, चैतालीने ठेवलं, मी फक्त त्यापायी रडतो) मोठा झाला आणि दारात येईल त्याच्या छातीवर पुढचे पाय ठेवून तोंड चाटायला लागला. चावणं नाही, भुंकणं नाही, नुसतं गळ्यात पडणं. मी एकलहऱ्याला वीजकेंद्रात जन्मभर कोळशाच्या पट्ट्यावरची माणसं सांभाळली, संपवाले सांभाळले, साहेब सांभाळले. पण हा प्राणी मला हिंग लावून विचारत नाही. मी "बस" म्हणतो आणि शेवटी दमून मीच बसतो. तेव्हा चैतालीने कुत्र्यांना वळण लावणाऱ्या रोहिणी मॅडमना बोलावलं. बाई हुशार. म्हणाल्या, ओरडू नका, ओरडणं म्हणजे त्याला गप्पा वाटतात. त्याने उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचं नाही, आणि चारी पाय जमिनीला टेकले की लगेच खाऊ द्यायचा. ज्या कामानंतर खाऊ मिळतो ते काम कुत्रा पुन्हापुन्हा करतो, एवढं लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं. अर्धंच ठेवलं, पण ते फार उशिरा कळलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे सलीमभाई पेढे घेऊन आले (त्यांची अदिबा नर्सिंगला लागली). कांद्याने उडी घेतली आणि मॅडमचा धडा आठवून आम्ही तिघांनी एकदम पाठ फिरवली. फिरवायची होती कुत्र्याकडे, पण कुत्रा होता सलीमभाईंच्या छातीवर. हातात पेढ्याचा पुडा, गालावर कुत्र्याची जीभ आणि समोर अख्ख्या घराच्या पाठी! बिचारे विचारतात, निवृत्तीभाऊ, माझं काही चुकलं का? आणि बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी बोलत नाही. शेवटी लताच वळली, हातापाया पडली, चहा टाकला. तुझ्या भावजयीचं तुला माहीतच आहे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेला माणूस चहा घेतल्याशिवाय बाहेर जाऊ शकत नाही, मग तो आमची वीज तोडायला का आलेला असेना. चहाबरोबर बिस्किटं आली, कांद्या समोर शहाण्यासारखा बसला, सलीमभाईंनी घाबरून अर्धं बिस्कीट त्याला दिलं. पुढे प्रत्येक पाहुण्याच्या वेळी हेच. कांद्याने मनाशी पक्कं केलं की माणूस घरात आला की चहा येतो आणि चहा आला की बिस्कीट येतं.

मग दोन दिवस कोणी आलंच नाही. तेव्हा तो स्वतः फाटकाबाहेर गेला आणि माणूस घेऊन आला.

खोटं नाही सांगत. पँटचा पायचा नाहीतर पिशवीचा बंद दातांत अगदी हलकेच धरतो, कापडाला भोकसुद्धा पडत नाही, आणि उलट्या पावलांनी ओढत थेट सोफ्यापर्यंत. मीटर बघायला आलेला माणूस आणला, कुरियरवाला आणला, क्लासचे कागद वाटणारे दोघे आणले. कॉलनीचे सेक्रेटरी कुत्र्याबद्दल तक्रार करायला येत होते, त्यांनाही आणलं. ते चहा घेऊन, तक्रार विसरून गेले. मी रोहिणी मॅडमना फोन केला तर त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, काका, कुत्रा उत्तम शिकलाय, फक्त तुम्ही काय शिकवलं ते बघा. मी लताला म्हटलं, एखाद्याला कोरडा पाठव. ती म्हणाली, त्यापेक्षा तुम्ही बाहेर जा.

इथवर मी सोसलं. रविवारचं मात्र सोसवत नाही.

रविवारी चैतालीला बघायला लासलगावहून मंडळी येणार होती. मुलगा नवनाथ, बाजार समितीत कारकून. जयंतीच्या रक्तदान शिबिरात दोघांची ओळख झाली, पोरीने मन लावलं, आमची ना नव्हती. अडचण त्याच्या आईची, लंकाबाईंची. बाई मानपानाला फार कडक. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मुलाचा चैतालीकडे असलेला एकुलता एक फोटो मोटारसायकलवरचा, हेल्मेट घातलेला. कांद्याला सलीमभाईंकडे बांधलं होतं. पण त्याने असं काही तोंड केलं म्हणे, की सलीमभाईंना दया आली आणि त्यांनी दोर सोडला. अकराच्या सुमाराला बघतो तर एक वयस्क जोडपं आणि एक तरुण मुलगा दारात, आणि मुलाचा पायचा कांद्याच्या तोंडात. मी मनात म्हटलं, आलीच मंडळी! "या, या" करून बसवलं, पाणी दिलं, कांदेपोहे दिले. नावगाव विचारणं आपल्यात बरं दिसत नाही, येणाऱ्याला आधी खाऊ घालायचं. त्यांनी पाणी रोज येतं का विचारलं, स्वयंपाकघर बघितलं, गच्चीही बघितली. मला वाटलं, माणसं चौकस आहेत, मुलगी सुखात पडेल. चैताली मान खाली घालून चहाचा ट्रे घेऊन आली, मान वर केली आणि जागच्या जागी थिजली. समोर नवनाथ नव्हताच. आक्का, ही तर मागच्या बिल्डिंगमधला भाड्याचा फ्लॅट बघायला आलेली माणसं होती!

आणि त्याच घडीला कांद्याने पदर धरून खऱ्या लंकाबाई आत आणल्या.

त्यांनी काय पाहिलं? आपली होणारी सून दुसऱ्याच पोरापुढे ट्रे घेऊन उभी. पोह्यांचं पातेलं रिकामं. म्हणाल्या, एका दिवशी किती ठिकाणी दाखवता मुलगी? मी तोंड उघडलं, पण फ्लॅटवाल्याने मध्येच "पोहे झकास होते" म्हणून सगळं बिघडवलं. लंकाबाईंनी कांद्याच्या तोंडातून पदर सोडवला आणि त्या निघाल्या. मागे नवनाथ, खाली मान घालून. लताचा चहा न घेता आमच्या घरातून गेलेली ही पहिली माणसं. लता ओट्याशी रडत बसली, चैताली तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, शाळेत शिकवून येते आणि दार लावून घेते. पोरीचं ठरत आलेलं लग्न एका बिस्किटापायी मोडलं, आक्का. मला जेवण जात नाही.

म्हणून विनंती अशी की, तुझा ठेवा तू परत ने. दाजींना सांग, पुढच्या आठवड्यात कांदा भरून तुमची गाडी नाशिकला आली की परतताना या कुत्र्याला चढवून देतो. चाळीत राहू दे, तिथे कोणी पाहुणा येत नाही. दाजींना जयभीम, लेकरांना गोड पापा. गुडघ्याला तेल लाव.

तुझा कंटाळलेला भाऊ,
निवृत्ती

ता. क. खरं सांगायचं तर कुत्र्याचं काय, तो कुठेही राहील. माझं काम वेगळंच आहे. लंकाबाई तुझ्या नणंदेच्या भावकीतल्या, तुझा शब्द मानतात. एकदा लासलगावला जाऊन त्यांना खरी हकीकत सांग. पोरीकडे बघवत नाही गं.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात कांद्या पुन्हा कोणाला तरी ओढत घेऊन आला. मी चप्पल उचलली. पाहतो तर नवनाथ! कालपासून गल्लीच्या तोंडाशी घिरट्या घालत होता म्हणे, बेल वाजवायचा धीर होत नव्हता. आता सोफ्यावर बसलाय. चैताली बाहेर आली आहे, रडतेही आहे आणि हसतेही आहे. त्याच्या आईचा राग उतरलाय म्हणतो, पण ती आपणहून परत कशी येणार. घरातलं वडीलधारं कोणी मानाने न्यायला आलं तर येईन म्हणते. आमच्या घरात वडीलधारी तूच. तेव्हा ताबडतोब निघ, आपण दोघं लासलगावला जाऊ. कुत्र्याला न्यायचं मागचं सगळं खोडून टाक. आणि गुडघ्याचं निमित्त सांगून आली नाहीस, तर तुला आणायला मी कांद्याला नामपूरला पाठवतो. तो पदर सोडत नाही.