जाळीचा डबा

कल्याण,
जुलै १९५६

प्रिय श्रीपाद,

तुझं पत्र पोचलं. गाडी भंगारात काढ, त्या म्हाताऱ्या इंजिनाची किती सेवा करशील, असं लिहिलं आहेस आणि खाली ठाण्यातल्या एका गिऱ्हाइकाचा पत्ताही दिला आहेस. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मालनचं नाव कुठेच नाही. म्हणून आज दुपारी दवाखान्याचं दार लावून लिहायला बसले आहे. मधेच बोलून विषय बदलायला तू समोर नाहीस, हे बरंच आहे.

बाबांनी ही मॉरिस लढाईच्या आधी घेतली, तेव्हा ती कशी राखायची हे आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. इंजिनावरचा तो काळा डबा उघडायचा, आतली तारेची जाळी रॉकेलमध्ये धुवायची, तळातलं गढूळ तेल टाकून नवं भरायचं. इंजिनात जाणारी हवा आधी त्या डब्यातून जाते आणि धूळ तेलात अडकते, एवढी साधी गोष्ट. तू तेवढ्यात कंटाळायचास आणि मालनबरोबर चिंचा पाडायला पळायचास. रखमाबाई आपल्याकडे भांडी घासत असायची आणि तिची ही मुलगी तुला ‘शिरपा’ म्हणून हाका मारत अंगणभर फिरायची. तुझा मार तिने कितीदा स्वतःवर घेतला आहे, ते तुला आठवत असेल. बाबा गेल्यावर त्यांचा दवाखाना माझ्याकडे आला आणि गाडीही आली. आंबिवली, टिटवाळ्याकडच्या बायका अडल्या की मी हिच्यातूनच जात आले. ही गाडी माझ्या हौसेची कधीच नव्हती.

तरी यंदाच्या उन्हाळ्यात तू मागितलीस आणि मी दिली. ठाण्याला खडीच्या खाणीवर नवी नोकरी, तिथल्या खोलीवरून रोज जाणं-येणं, साहेब लोकांत मान राहायला हवा, असं म्हणालास. मी एकच अट घातली होती. खाणीवर धूळ आहे, तेव्हा डबा दर आठवड्याला साफ करायचा. तू हसून ‘हो गं ताई’ म्हणालास.

पावसाच्या तोंडावर गाडी परत आणलीस ती धुऊन, पुसून, चकाकत. मी बॉनेट उघडलं तर डबा जागेवर, जाळी स्वच्छ, तेल नवं. मला खरंच बरं वाटलं. पण मागून निळा धूर येत होता आणि चढावर गाडी दमत होती. मी तुला स्पष्ट विचारलं की डब्याशिवाय चालवलीस का. तू म्हणालास, ‘बाबांची शपथ ताई, एक दिवससुद्धा नाही. जुनं इंजिन आहे, थोडं तेल खाणारच.’ मी त्या शपथेवर विश्वास ठेवला. सवडीने मेस्त्रीला दाखवू म्हणून गाडी वापरत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी महिपत आंबिवलीहून सायकलवर आला, मालनचा नवरा. घामाने भिजला होता. मालनला पहाटेपासून कळा येत होत्या, सुईण घाबरली होती. मालनची आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती, हे तुला मीच सांगितलं होतं. महिपत म्हणाला, ‘बाई, टांगा सांगून येऊ का?’ मी म्हटलं, कशाला, गाडीने लवकर पोचू. श्रीपाद, हे मी तुझ्या शब्दावर म्हटलं.

शहाडच्या पुढे चढावर इंजिन बंद पडलं. मी प्लग काढले, ते तेलाने काळे झाले होते. पुसून लावले, गाडी थोडी चालली, पुन्हा बंद. पुन्हा काढले, पुन्हा लावले. महिपत हॅण्डल मारून मारून खाली बसला. शेवटी पेटी उचलून आम्ही उन्हातून चालत निघालो. पोचलो तेव्हा मुलगी जन्मली होती आणि रडत होती. मालनचं रक्त थांबत नव्हतं. ते थांबवायचं इंजेक्शन माझ्या पेटीत होतं. दिलंसुद्धा, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. तिने मला ओळखलं आणि विचारलं, ‘ताई, पोर बरी हाय ना?’ मी हो म्हटलं. पुढे ती काही बोलली नाही.

मेस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडर आतून वाळूने घासल्यासारखे झाले होते, म्हणूनच तेल वर येऊन प्लग भिजत होते. मला कोडंच पडलं. ते उलगडलं तुझ्या मित्राने, आनंदने. गेल्या आठवड्यात तो चहाला आला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो मजेत सांगत होता की श्रीपादने डबा काढून खाटेखाली टाकला होता, त्याशिवाय गाडी विमानासारखी गरजायची, खाणीवरची माणसं वळून बघायची, आणि परत देताना धुऊन बसवला. सारा उन्हाळा तू तिला ती धूळ पाजलीस, श्रीपाद. तेही एक वेळ मी गिळलं असतं. तारुण्यात माणूस मूर्खपणा करतो. पण मी विचारलं तेव्हा एक शब्द खरा बोलला असतास, तर त्या सकाळी मी टांग्यात बसले असते.

आता मी हे का लिहिते आहे ते ऐक. तुला रडवायचं म्हणून नाही, आणि तुझी माफीही मला नको. महिपत दर बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो आणि तेच विचारतो, ‘बाई, मी आदी निगालो असतो तर?’ शेजाऱ्याची सायकल मागण्यात त्याचा वेळ गेला, तेवढ्यानेच मालन गेली, असं त्याने मनाशी धरलं आहे. दोष गाडीचा होता असं मी सांगते, तर त्याला वाटतं मी त्याची समजूत घालते आहे. मुलीला सांभाळायला तिथेच राहिलेली रखमाबाई सांगते, तो नीट जेवत नाही, आणि मुलीला अजून एकदाही त्याने मांडीवर घेतलेलं नाही. तिच्या आईला आपण मारलं, मग तिला कुठल्या हातांनी घेऊ, असं म्हणतो. तुझं ओझं तो माणूस वाहतो आहे आणि तू मला गिऱ्हाइकं सुचवतो आहेस. येत्या रविवारी सकाळी आंबिवली स्टेशनावर उतर. मी तिथे असेन. आपण त्याच्या घरी जाऊ आणि तू काय केलंस ते तू स्वतःच्या तोंडाने त्याला सांगशील, रखमाबाईच्या देखत. तो मारेल तर मार खा. मी शेजारी उभी राहीन, पण तुझ्या वतीने एक अक्षर बोलणार नाही. आला नाहीस, तर पुन्हा मला ताई म्हणून पत्र लिहू नकोस.

अजून तरी तुझीच,
उत्तराताई