माठाचं पोट

बाबा, परवा तुमचा माठ पाहिला. छिंदवाड्याच्या प्रदर्शनात, दोरीच्या आड, डोक्यावर दिवा, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात तुमचं नाव. त्याखाली ‘कलाकार’. तुम्ही असतात तर छाती फुगली असती तुमची.

सौंसरच्या बाजारात लोक माठाला टिचक्या मारून पाहायचे आणि म्हणायचे, “मातीच त हाय!” त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवत नसा. “आमची कला कोनाले दिसत नाही,” असं भिंतीकडं पाहून बोलत बसायचात. तेव्हा मला तुमची कीव यायची. आता येत नाही. तुम्ही जेवला नाहीत म्हणून आईही उपाशी निजायची, आणि तिची कला तुम्हाला कुठं दिसत होती?

अजून डोळ्यांपुढं येतं. आई अंगणात बसली आहे. तुम्ही चाकावरून उतरवून दिलेला जाड, ठेंगणा घडा तिच्या मांडीवर आहे. आतून दगड धरते, बाहेरून लाकडी थापी मारते, धप धप, दुपार कलते तरी चालूच. तेव्हा कुठं पोट फुगतं, भिंत पातळ होते, पाणी गार राहतं. तुमचा फक्त गळा आणि काठ, बाकी सगळा माठ तिचा. एकदा तुम्ही चहाला उठलात आणि मी चाकावर हात ठेवला. केवढ्यानं ओरडलात! “काय करून राहिली तू? बाईच्या हातानं चाक बाटते!” मी विचारलं, मग आईच्या हातानं माठ कसा बाटत नाही? तुम्ही हसलात. “थापी मारनं त काम होय पोरी. कला चाकावर असते.” आई मान खाली घालून ठोकत राहिली. बाजारानं तुमचं जे केलं तेच तुम्ही घरात तिचं केलंत, आणि वरून हसलात. ते हसणं मी विसरले नाही.

प्रदर्शनासाठी माठ न्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, कोणी बनवला? आई तुमच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, “यायनंच बनवला.” अंगाची लाही लाही झाली माझी. मी भांडले, आईचं नाव टाकायला लावलं. टाकलं त्यांनी, तळाशी बारीक अक्षरात, ‘सहायक’ म्हणून. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राज्य तुमचंच.

प्रदर्शनात आई दोरीवरून वाकली आणि सरळ माठात हात घातला तिनं. आतल्या बाजूला तिच्या दगडाचे खळगे आहेत, बाहेरून कोणाला दिसत नाहीत. चाचपत म्हणाली, “इथं पाह्य, जराक जाड राह्यलं होतं.” तेवढ्यात राखणदार धावत आला. “अम्मा, हाथ मत लगाओ! ये कला है.” आईनं चटकन हात काढला आणि पदराला पुसला, जसं तिनंच काही बाटवलं.

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं होतं म्हणून लिहीत बसले. पाठवणार तरी कुठं? उद्या चुलीत घालीन. पण एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या दिव्याखाली माठ दिसला ना, तेव्हा माझीही नजर आधी गळ्यावरच गेली.