नळाचा दिवस सांगायचा राहिला

ती. गोजरआक्का,

तुझ्या धाकट्या मनकर्णाचा तुला आणि दाजींना मनापासून जयभीम. तुझे गुडघे कसे हायेत? दाजींची शुगर कशी हाय, का शहागंजातली जिलेबी अजून 'नुसती चाखायला' म्हणून रोज घरी येतीच हाय? आमचं इकडं कोकणात लई मजेत चाललंय (मजा म्हणजे काय, ते पुढं कळंलच). फोन सोडून ही बया पत्र कशाला लिहायली, असं तू म्हणशील. आक्का, या घरात फोनला रेंज नाय. शेजारच्या रेवतीताई रोज कामाला दापोलीला जातात, त्या या पानांचे फोटो काढून तिथून तुला पाठवणार हायेत. दुसरं म्हणजे, ह्यांच्यासमोर फोनवर मला तोंड उघडता येत नाय, आणि एकदा उघडलं की बंद होत नाय, हे तुला ठाऊकच हाय.

आमचं लग्न झालं तवा तुझ्या ओट्यावर बसून हे काय म्हणले होते, आठवतं का? "मनकर्णाला मी समुद्र दाखवीन." तू तवा ह्यांना अजून एक लाडू वाढला होतास. त्यानंतर अतुल झाला, त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आता त्याचा सम्यक शाळेत जायला लागला. समुद्राला मात्र काही सवड मिळाली नाय. शेवटी अतुललाच माझी कीव आली. त्यानं मोबाईलवर कुठून तरी हे घर अदलाबदलीचं शोधून काढलं. म्हणजे कोकणातलं एक कुटुंब आठ दिवस आपल्या घरात राहणार आणि आपण त्यांच्या घरात. लॉज नाय, काय नाय. फक्त, अतुल म्हणला, बाबा, एकमेकांना सगळं नीट सांगा-विचारा, घरात काय हाय, काय नाय, कशाचा त्रास हाय. झालं! ह्यांचं नाक असं फुगलं म्हणतीस! रिटायर झाल्यापासून दर रविवारी मोबाईलवर लोकांना संवादकौशल्य शिकवणारा माणूस (घरात माझ्याशी संवाद म्हणजे सकाळी एक 'हूं' आणि रात्री एक 'हूं'), आणि त्याला पोटचं पोरगं बोलायला शिकवतं!

मग आमच्या ह्या कडूबा सरांनी संवाद साधला. कोकणातल्या घराचे मालक विश्वजीतराव, त्यांना ह्यांनी रोज आवाजी मेसेज पाठवले, एकेक इतका लांब की माझा कुकर तीन शिट्ट्या देऊन गार व्हायचा. वेरूळला सकाळी जावं का संध्याकाळी, दौलताबादच्या किल्ल्यावर अंधारी वाट कुठं लागते, नानखलिया खायला कुठं जायचं, सगळं सांगितलं. मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी शहरात नहर कशी आणली, पाणी कसं खेळवलं, त्याचे तर दोन भाग झाले. आणि आपल्या घरचा नळ शनिवारी येतो, मधी येत नाय, गच्चीवरची टाकी आठवडाभर पुरवायची असते, हे एवढं तेवढं सांगायचं राहिलं. मी विचारलं तर म्हणतात, "हे काय सांगायचं असतं? सगळ्यांना माहीत असतं." व्हय ना. आपल्या गल्लीत साखरपुडासुद्धा नळाचा दिवस सोडून धरतात, म्हणजे ते कोकणातल्या माणसाला पोटातूनच माहीत असणार.

तिकडचे विश्वजीतराव तर ह्यांच्या वरताण. ह्यांच्या तासाभराच्या भाषणाला त्यांचं उत्तर आलं, "या. सगळं आहे. समुद्र खालीच." बास! हे म्हणले, बघ, किती मोजकं आणि नेमकं बोलतो माणूस. मी म्हणलं, अहो, 'खालीच' म्हणजे किती खाली, तेवढं तरी विचारा. तर म्हणतात, असं खोदून विचारलं की समोरच्याला वाटतं आपला विश्वास नाय. आता हेही खरंच हाय म्हणा. पाव्हणं म्हणून जायचं आणि आधी फोन करून 'तुमचा संडास कुठं हाय हो' असं आपल्याकडं कुणी विचारतं का? मग आम्ही विचारलं नाय, त्यांनी सांगितलं नाय, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या सभ्यपणावर लई खुश होऊन रविवारी निघाली.

तर 'सगळं आहे' यात काय काय हाय, ते ऐक. विहीर हाय, पण पंप बिघडलेला, रहाटानं पाणी ओढायचं. संडास हाय, परसात, फणसाच्या पलीकडं. माकडं हायेत, आणि ती घरातली असल्यासारखी येतात. तू दिलेला येसर मसाल्याचा डबा पहिल्याच दिवशी एकानं नेला. (नंतर कौलांवर बसून ते इतकं शिंकलं की मलाच वाईट वाटलं.) आणि समुद्र खरंच खालीच हाय. डोंगराच्या पायथ्याशी. उतरायला जांभ्याच्या पायऱ्या हायेत, त्या मधीच संपतात आणि पुढं नुसती घसरण. अंगणातून समुद्र दिसत नाय, ऐकू तेवढा येतो. रात्रंदिवस ऐकू येतो, आक्का! डोक्याशी बसून कुणी बोलवावं तसा.

रोज सकाळी मी साडी नेसून, वेणी घालून ओट्यावर बसते. हे म्हणतात, "आज गुडघा धरलाय, उद्या बघू." मग तोच गुडघा घेऊन हे वरच्या वळणापर्यंत चालत जातात, कारण तिथं रेंज येते आणि रविवारचा वर्ग प्रवासामुळं बुडाला म्हणून बाकीच्या दिवशी भरून द्यायचाय. काल विषय होता, 'समोरच्याचं न बोललेलं कसं ऐकावं.' मी मागून चहा घेऊन गेले होते. माझ्या हातातला चहा घेतला आणि बोट ओठावर ठेवून मलाच गप्प बसायला खुणावलं!

आता खरी गंमत. आज रेवतीताई विश्वजीतरावांच्या बायकोचा निरोप घेऊन आल्या. बिचारी लई गरीब गाय दिसते. म्हणती, "नळाला पाणी येत नाही, आमच्या हातून काही चुकीचं बटण दाबलं गेलं का? तुमचं घर स्वच्छ ठेवावं म्हणून आम्ही गच्ची रोज धुतो, काल गाडीही धुतली." आक्का, गाडी! पाईपनं! आपल्या गल्लीत! समोरच्या आवडाबाईनं ते बघितलं असंल तर तिला घेरी आली असंल. आणि तिनं त्यांना हटकलं कसं नाय म्हणशील, तर निघताना हेच तिला सांगून आले, "पाव्हण्यांना उगंच जाऊन त्रास देऊ नका." टाकी खडखडीत, आज बुधवार, आणि ते भले लोक चूक आपलीच समजून शुक्रवारी परत निघायचं म्हणायलेत. ते इकडं आले की आम्हाला हे घर सोडावं लागणार. म्हणजे समुद्र पुन्हा सम्यकच्या लग्नापर्यंत लांबला. त्यांना काय कळवायचं, याचा मसुदा हे तवापासून लिहायलेत. अजून 'सस्नेह' का 'सविनय', यावरच अडलेत.

बरं, आता थांबते. दाजींना जिलेबी खाऊ देऊ नको, आणि तूही चोरून खाऊ नको. माझी काही तक्रार नाय, तुला उगं कळवलं.

तुझी,
मनकर्णा

ता. क. उगं कळवलं नाय. हे वाचल्या वाचल्या टँकरवाल्या फकिराला फोन करून आपल्या घरी टँकर पाठव आणि रिक्षा करून स्वतः जा. पाव्हण्यांना नळाचा दिवस सांग, बादलीत अंघोळ करायला सांग, पण गोडीत. तुझ्या नेहमीच्या आवाजात नको. ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन जा. काही कर, पण रविवारच्या आत त्यांना हलू देऊ नको.

आणखी एक. समुद्र मी आज सकाळी बघितला. हे झोपेत होते, रेवतीताई मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. लई मोठा हाय गं. मी वाळूत बसून रडले, मग तोंड धुतलं, तर तेही पाणी खारटच. ह्यांना यातलं काही माहीत नाय आणि तू कळू देऊ नको. कुणी विचारलं तर मनकर्णानं अजून समुद्र बघितला नाय, असंच सांग. मी उद्याही साडी नेसून ओट्यावर बसणार हाय. ह्यांनी आपण होऊन एकदा "चल" म्हणावं, एवढंच मला ऐकायचंय, आणि ते मी मागून घेणार नाय. त्याला किती दिवस लागतील, काय सांगता येत नाय. म्हणून टँकर मोठाच सांग.