गुरुवारची रजा

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. पत्र मध्येच कापता येत नाही.

आपल्या गल्लीतला दवाखाना पाडून तिथे वाहनतळ करायचा ठराव तुझ्या प्रभाग समितीने आणला, हे मला भाजीवालीकडून कळलं. सख्खी बहीण समितीची अध्यक्ष, आणि बातमी कांद्याबटाट्यांबरोबर! शिंप्याच्या आईला रोज इन्शुलिन तिथेच टोचतात. पुढचा दवाखाना दोन बस बदलून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी नियम वाचले. तीनशे मतदारांनी सह्या केल्या, तर समितीला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. चपला घातल्या नि निघाले.

सह्या मिळाल्या तीनशे बारा. पण ते कागद! कुठे चहाचे डाग, कुठे फुटलेली शाई. शिंप्याने तर समासात सही ठोकलेली. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असली वही खिडकीबाहेर भिरकावली असती. मी दोन दिवस बसून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, सह्यांसकट, आणि मूळ कागद रद्दीत घातले. कारकून गठ्ठा चाळून म्हणाला, आजी, तीनशे जणांचं वळण एकच कसं हो? अर्ज फेटाळला. तीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडणारी मी! हस, पोटभर हस.

अर्जाच्या मुदतीचे सहा दिवस उरले होते. पुन्हा जिने चढले. शिंपी म्हणाला, बाई, परत? म्हटलं, परत, आणि हवी तिथे कर मेल्या. या खेपेला तीनशे चाळीस भरल्या. सुनावणी लागली गुरुवारी, अकरा वाजता.

पावती देताना कारकून हळूच म्हणाला, अध्यक्षबाईंनी गुरुवारची रजा टाकलीय. अध्यक्षाशिवाय सुनावणी होत नाही. आणि सुनावणीविना महिनाअखेर उलटली की ठराव आपोआप मंजूर. तू लबाड नाहीस, मला ठाऊक आहे. चारचौघांत ताईला गप्प बसवायची वेळ येईल, म्हणून पळतेयस. लहानपणीही माझ्याशी वाजलं की न्हाणीघराला आतून कडी लावायचीस. तेव्हा बाहेर मी एकटी ताटकळायचे, ते चाललं. गुरुवारी बाहेर तीनशे चाळीस माणसं असतील. रजा मागे घे. मी वेळेपेक्षा जास्त बोलले, तर घंटा वाजवून मला खाली बसव. मत माझ्याविरुद्ध द्यायचं तर खुशाल दे, पण आमचं ऐकून घेऊन, त्या खुर्चीत बसून दे.

तुझीच, गुरुवारपुरती अर्जदार क्रमांक एक,
ताई